परमुलखाची आणेवारी

आई श्रावणात गेली. मी अमेरिकेतून भोरला पोहोचले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. शेजारपाजारच्यांचं येऊन बसणं, आठवणी काढणं, डोळ्यांना पदर लावणं, सगळं उरकलं होतं. नाना स्वयंपाकघरात पाटावर बसून तांदूळ निवडत होते. मला दारात पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"बोट वेळेवर लागली?"

"हो."

"बरं झालं. हातपाय धू. पाणी तापलंय."

आमच्या घरात असंच असतं. नाना मला सौदामिनी अशी पूर्ण हाक मारतात, आणि त्याहून जास्त लाड त्यांनी कधी केलेले मला आठवत नाहीत. ती सगळी बाजू आई सांभाळायची.

पुढचे दिवस मी एका जागी बसू शकले नाही. आईचे डबे फळीवरून उतरवले, पुसले आणि होते तसेच परत लावले. पुस्तक घेऊन माडीवर जायचं, दोन पानं वाचायची, खाली यायचं. दुपारी नीरेच्या काठाने चालायला निघायचं आणि घरी काहीतरी राहिलंय असं वाटून अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं. घरी काहीच राहिलेलं नसे. एकदा परसात भांडी घासता घासता साळूबाई म्हणाली, "ताईसाब, बसा की जरा. तुमच्या येरझाऱ्यानं मलाच घेरी आली."

बसले असते तर विचार करावा लागला असता. ज्या शेतकी कॉलेजात हे मातीचा अभ्यास करायला गेले होते, तिथेच त्यांना शिकवायची कायमची जागा देऊ केली होती. फेब्रुवारीच्या बोटीत माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली होती. निघताना ह्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "तू नको म्हणालीस तर मी सगळं आवरून भोरला येतो. पण नानांसाठी म्हणून हो किंवा नको म्हणू नकोस. तुला ते गाव कसं वाटतं ते बघ आणि कळव." मार्गशीर्ष संपायच्या आत कळवायचं होतं. हे मी नानांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. ते "हं" म्हणाले आणि अडकित्ता उचलून सुपारी कातरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पेला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "त्या गावाची आणेवारी किती धरशील?"

नानांची सगळी नोकरी संस्थानाच्या महसुलात गेली. भात कापणीला आलं की ते गुंजवणे, पासली, वेल्हे या बाजूला हिंडत आणि गावच्या पंचांना घेऊन पिकाची आणेवारी ठरवत. मनासारखं भरलेलं पीक सोळा आणे. जसं पीक कमी तसे आणे कमी. सहा आण्यांच्या खाली गेलं की साऱ्यात सूट. त्यामुळे खरं कोणीच सांगत नसे. लोंब्या जमिनीला टेकल्या असल्या तरी पाटील म्हणणार, "कसलं पीक, साहेब! पाच आणं निघालं तरी देव पावला." नाना ऐकून घेत आणि मनातल्या मनात तीन आणे वर चढवत. साहेब तीन चढवणार हे गावाला ठाऊक, म्हणून गाव आधीच तीन उतरवून सांगे. अशी ती दोन्ही बाजूंनी मान्य असलेली लबाडी वर्षानुवर्षं सुखाने चालली होती. नोकरी सुटली तरी नानांची मोजायची रीत सुटली नव्हती. गावात नवा डॉक्टर आला तरी ते त्याची आणेवारी करीत.

"सात," मी म्हणाले. "फार तर साडेसात."

"कशावरून?"

"संध्याकाळी सहाला जेवतात. त्यानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. प्रत्येक घराला पुढे ओसरी आहे, तिथे झुलत्या खुर्च्या आहेत, पण बसलेलं कोणी दिसत नाही. कोणाकडे जायचं तर आधी विचारून जायचं."

"पाणी?"

"घरात नळ. गरम पाण्याचासुद्धा."

"दवाखाना?"

"चालत जाण्यासारखा."

"दूध?"

"काचेच्या बाटल्यांतून पहाटे दाराशी ठेवून जातात."

"दाराशी? उघड्यावर? आणि कोणी नेत नाही?"

"नाही."

नानांनी पेला खाली ठेवला. "एवढ्या एका गोष्टीचे दोन आणे होतात, सौदामिनी. ते तू कुठे धरलेस? साडेसात म्हणे. दहाच्या खाली मी येत नाही."

मला राग आला. मी भात पिकवणारी नव्हते आणि मला कुठली सूट मागायची नव्हती. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं. पण त्या दिवसापासून हा प्रकार रोजचाच झाला. मी त्या गावाबद्दल काही उणं सांगायचं आणि नानांनी त्यातून आणा-दोन आणे काढून दाखवायचे. भाजीला चव नसते म्हटलं तर, "वाचनालय आहे म्हणालीस ना? एका वेळी किती पुस्तकं देतात?" हवी तितकी देतात, असं मला कबूल करावं लागायचं. बर्फात चार-चार दिवस बाहेर पडता येत नाही म्हटलं तर, "मग पुस्तकं वाचायला बरं." ते माझ्या प्रत्येक तक्रारीतून एकेक आणा काढून घेत होते आणि मी मात्र प्रत्येक वेळी आकडा तिथेच ठेवत होते.

एकदा मी त्यांना न्हाव्याची गोष्ट सांगितली. हे पहिल्यांदा केस कापायला गेले तेव्हा खुर्ची रिकामी असताना न्हाव्याने दुकान बंद झालं म्हणून सांगितलं होतं. स्टेशनच्या पलीकडे एकच निग्रो कुटुंब राहत होतं. तेही कधी त्या दुकानात जात नसे. घरी आल्यावर ह्यांनी एवढंच सांगितलं, पण त्या आठवड्यात त्यांनी आरशात पाहणं टाळलेलं मला दिसत होतं.

"मग केस?" नानांनी विचारलं.

"दुसऱ्या न्हाव्याने कापले. तो चांगला होता."

मला वाटलं, आता तरी नाना दोन आणे उतरवतील. ते म्हणाले, "आपल्या परसातल्या विहिरीवर कोण येतं आणि कोण येत नाही, हे तू तिथे कोणाला सांगितलंस का?"

"नाही."

"हं. मग ते दोन्हीकडून वजा कर."

मी उठून नदीवर गेले.

मार्गशीर्ष लागल्यावर नाना म्हणाले की आईची लुगडी गुंजवण्याला सगुणाबाईला द्यायची आहेत. ती गेनबा पाटलाची बायको. नाना फिरतीवर असताना आई कधीकधी बरोबर जायची आणि त्यांच्याकडे उतरायची. दोघींचं चांगलं जमायचं. आईने तिला लोकरीचं विणायला शिकवलं होतं आणि तिने आईला भाताच्या पेंढ्याची चुंबळ करायला. आम्ही नसरापूरपर्यंत मोटारीने गेलो. पुढे गेनबांनी कोंडिबा नावाच्या गड्याबरोबर बैलगाडी पाठवली होती. गाडीत मी गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. वाटेत नाना कोणाचं शेत कोणतं ते सांगत राहिले. मला ते ऐकायचं नव्हतं आणि त्यांनी थांबू नये असंही वाटत होतं.

खळ्यावर झोडणी चालली होती. गेनबा हातातली पेंडी टाकून पुढे आले. "या साहेब! यंदा आणेवारीला उशीर केलासा. भात घरात शिरायला लागला." मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "लई वाईट झालं, ताईसाब. वैनीसाब म्हंजी आमच्या घरच्याच व्हत्या."

सगुणाबाईने गाठोडं घेतलं. वरचं लुगडं तिने उलगडलं नाही, नुसतं उचलून नाकाशी धरलं. "कापूर घालून ठिवत व्हत्या न्हवं," ती म्हणाली. मग ते गाठोडं काखेत मारून ती आत गेली आणि आमच्यासाठी नाचणीची भाकरी आणि ताक घेऊन बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

जेवण झाल्यावर सगळे खळ्याच्या कडेला बसले. गेनबा, सगुणाबाई, शेजारचे म्हातारे चिमाजी, आणि काम टाकून आलेले दोघेतिघे. अमेरिकेचं कुतूहल सगळ्यांना होतं, पण विचारायला कोणी धजेना. शेवटी नानाच म्हणाले, "गेनबा, तुम्ही पंच. आमची सौदामिनी दोन वर्षं एका परमुलखातल्या गावात राहून आली आहे. ती त्याचे साडेसात आणे धरते. मी बारा धरतो. तुम्ही ठरवा."

गेनबांनी लगेच मांडी ठोकली. "गावात भात व्हतो?"

"नाही," मी म्हणाले. "मका होतो. पुरुषभर उंच."

"मका!" चिमाजी म्हणाले. "म्हंजी मान्सं जनावराचं खात्यात. एक आणा कमी करा."

"पाऊस कंच्या महिन्यात?"

"केव्हाही. आणि थंडीत बर्फ."

"म्हंजी पावसाचा बी भरवसा न्हाई. आनी एक घ्या खाली." गेनबा रंगात आले होते. "डोंगर?"

"एकही नाही. सगळं सपाट."

चिमाजींनी मान वर करून राजगडाकडे पाहिलं, तो जागेवर आहे ना याची खात्री करावी तसं. "डोंगर न्हाई तर ढोरं कुठं चारायची?" ते म्हणाले. "आनी हरवलं तर मान्सानं घर कसं वळखायचं?"

"रस्त्यांना नावं असतात."

"नावं वाचाय उजेड तर पायजे!" एकाने टोमणा मारला आणि सगळे हसले.

"साहेब," गेनबांनी निकाल दिला, "ह्ये चार आण्याचं गाव हाय. एक पै वर न्हाई."

"चार?" नाना म्हणाले. "घरात गरम पाण्याचा नळ आहे, गेनबा."

"असंल. आमच्या चुलीवर बी पानी तापतं." मग ते माझ्याकडे वळले आणि एखाद्याला हळूच मदत करावी तसं डोळा बारीक करून म्हणाले, "ताईसाब, तुमी गप ऱ्हावा. चारच लिवू. सहाच्या खाली गेलं की सूट मिळती. मंग जायाला नगं. हितंच ऱ्हावा साहेबांजवळ."

सगळे हसत होते. मी हसायला गेले आणि मला जमलं नाही. हे लोक माझ्या भल्यासाठी माझ्या गावाचं पीक बुडवत होते, आणि इतके दिवस नानांच्या समोर बसून मी तेच करत होते. नानांना ते पहिल्याच सकाळी कळलं होतं; त्यांनी आयुष्यभर दुसरं काय ऐकलं होतं?

"चार नाही," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की, ताईसाब," गेनबा म्हणाले.

"नाही, ऐका. तार आली तेव्हा हे घरी नव्हते. मी जिन्यावर बसले होते. खाली आमची घरमालकीण राहते, लिंडक्विस्टबाई म्हणून. विधवा आहे. तिला माझं नाव धड म्हणता येत नाही. ती वर आली आणि माझ्याशेजारी पायरीवर बसली. काही विचारलं नाही. अंधार पडला तरी दिवा लावायला उठली नाही."

झोडणारा गडी थांबला होता.

"दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका झाकलेली भांडी घेऊन आल्या. आम्ही मांस खात नाही हे बाईने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तरी एकीने कोंबडीचा रस्सा आणला. कळल्यावर ती दारातच रडायला लागली. मला तिची समजूत घालावी लागली. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. बर्फ पडतं तेव्हा समोरचा म्हातारा आधी आमचं दार मोकळं करतो आणि मग आपलं. कोणी सांगितलं नाही त्याला. आणि रस्ता संध्याकाळी रिकामा असतो हे खरं आहे, पण मी रोज त्या रस्त्याने एकटी चालत जाते, आणि आजवर मला कोणी, कुठे चाललीस, म्हणून विचारलेलं नाही. मला ते आवडतं."

शेवटचं वाक्य मी कोणाला उद्देशून म्हटलं, ते मला ठाऊक नाही. माझा आवाज चढला होता.

"मयताच्या घरी घास घिऊन येत्यात म्हन," सगुणाबाई नवऱ्याला म्हणाली.

गेनबांनी हनुवटी खाजवली. त्यांच्या चेहऱ्यावर खऱ्याखुऱ्या पंचाची अडचण दिसत होती. "बरं," ते म्हणाले, "मंग पाच करा. साहेब हाईत म्हनून. पन सहा न्हाई."

"अकरा," मी म्हणाले.

"आं?"

"अकरा आणे. न्हाव्याचे आणि डोंगराचे वजा करून."

गेनबांनी आशेने नानांकडे पाहिलं. मीही पाहिलं; ते आता वर किती चढवतात ते बघायची मला सवय झाली होती. नाना खळ्यावरच्या राशीकडे बघत होते. "अकरा," ते म्हणाले. त्यांनी एक आणाही वर चढवला नाही.

परतताना उन्हं कलली होती. रस्ता खडकाळ होता आणि गाडी फार हलत होती. मला बसवेना म्हणून मी खाली उतरले आणि मागून चालू लागले. थोड्या वेळाने नानाही उतरले. कोंडिबाने मागे वळून पाहिलं आणि बैलांना सावकाश घेतलं.

"फेब्रुवारीची जागा कायम ठेवा म्हणून ह्यांना कळवते," मी म्हणाले.

"कळव."

"तुम्हाला हेच हवं होतं."

"हो."

"इतकं घालवायची घाई का, नाना?"

"घाई नाही." ते चालत राहिले. काठीने त्यांनी वाटेतला एक दगड बाजूला केला. "तू राहिली असतीस तर मला रोज तुझ्या तोंडाकडे बघून, तू काय सोडून आलीस ते मोजावं लागलं असतं. मला आता ते मोजायचं नाही. आणि मधुकरराव इथे येऊन काय करणार? संस्थान राहतं की विलीन होतं, तेही माहीत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय! भोरात आहे. भात लावता येतो, आमटी अजून बिघडते."

"तुम्ही एकटे असाल."

मला वाटलं होतं की ते "छे" म्हणतील, किंवा साळूबाई आहे, शेजार आहे, असं काहीतरी काढतील. नानांना प्रत्येक गोष्टीतून आणे काढता येत.

"असेन," ते म्हणाले.

मी परत जाणार होते आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. राहायचं ठरलं असतं तरी झाला नसता. तिथे असताना मी रोज संध्याकाळी गावाच्या टोकापर्यंत चालत जायची, जिथे मक्याची शेतं सुरू होतात तिथपर्यंत, आणि भोर कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज करायची. आता फेब्रुवारीनंतर पुन्हा तेच करायचं होतं. फक्त यापुढे त्या बाजूला आई नसणार आणि नाना तांदूळ निवडत बसलेले असणार. मला जोरात चालावंसं वाटत होतं, पण नानांच्या चालीने चालणं भाग होतं.

ओढ्याच्या उताराला ते थांबले. वहाणेत खडा गेला होता. मी त्यांचा कोपर धरला. त्यांनी एका पायावर उभं राहून वहाण झटकली. त्यांचा हात मला पूर्वीपेक्षा हलका लागला. पाय वहाणेत घातल्यावरही मी हात सोडला नाही आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

"साहेब!" पुढून कोंडिबाने हाक मारली. "येतासा का गाडी सोडून पायीच जातासा भोरला?"

"तू हाक पुढे. आलोच."

मग खाली पाहत, जणू ओढ्याच्या दगडांनाच विचारताहेत अशा आवाजात ते म्हणाले, "बर्फात वहाणा चालत नसतील."

"नाही. आत पाणी शिरतं."

"मग घालतात काय?"

"गुडघ्यापर्यंतचे बूट असतात. आतून लोकर लावलेली असते."

"आणि घरात यायचं झालं की?"

"दाराशी काढून ठेवायचे."

"तेही कोणी नेत नाही?"

"नाही, नाना."

"हं," ते म्हणाले, आणि मी त्यांना सांगत राहिले, ते बूट कसे बांधतात, पहिल्या दिवशी मी किती वेळा पडले, आणि समोरच्या म्हाताऱ्याने पाय टाकायचं कसं शिकवलं.